फ्यूजमामांचं कुलूप

फ्यूजमामांनी आयुष्यात हजारदा लाईट आणली असेल, पण लाईट येताना एकदाही पाहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? आणणारा तोच आणि पाहिली नाही म्हणे! अहो, वाढप्याच्या पोटात कावळे ओरडत असतात, ते जेवणाऱ्यांना कधी ऐकू येतात का? तसंच हे. लाईट येते तेव्हा घराघरांत काय धमाल उडते ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. पंखा कुरकुरत फिरायला लागतो, पोरं पलंगावर उड्या मारतात, आणि ज्यांनी दिवसभर एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं असे नवराबायकोसुद्धा एकमेकांकडे बघून हसतात. हे सगळं चाललेलं असताना मामा कुठे? तर लांब कुठल्यातरी नाक्यावर, स्विचच्या खांबाशी, दोन्ही हातांनी हँडल धरून. त्यांना दिसायच्या फक्त खिडक्या. लांबवर एकेक खिडकी पिवळी व्हायची आणि मागोमाग कानावर आरोळी यायची, "आलीऽऽ!"

मग मामा हातमोजे काढायचे आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणायचे, "जेवा लेको."

लाईनमन होते ते. उंच, सडपातळ, आवाज मात्र दोन माणसांना पुरून उरेल असा. फ्यूजमामा हे नाव आधी गल्लीतल्या पोरांनी ठेवलं, मग त्यांच्या आयांनी उचललं, आणि शेवटी ऑफिसातले साहेबसुद्धा फोनवर "हॅलो, फ्यूजमामा का?" म्हणायला लागले. मामांनाही ते आवडायचं. एकच प्रश्न त्यांना आवडत नसे. "मामा, लाईट कधी येईल हो?" असं कुणी विचारलं की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. "आली की येईल!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि विचारणारा दुसऱ्यांदा विचारायच्या फंदात पडत नसे.

घरी पोचले की मामांची तऱ्हा वेगळी. पायातले बूट दारात, पिशवी खुंटीला, आणि पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी पहिला सवाल, "हं, सांगा! लाईट आली तेव्हा कोण काय करत होतं?"

घरात माणसं तीन. मामी, म्हणजे त्यांची बायको. मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, आता चांगली कॉलेजात जायची तरी चिमणीच. आणि मामांची म्हातारी आई, जिला ऐकू कमी यायचं आणि दिसायचं त्याहून कमी, पण जीभ मात्र पंचविशीतली. या तिघींना सांगायला कधी काही कमी पडलं नाही. एकदा लाईट आली तेव्हा खिडकीपाशी बसलेल्या आजीचा हात कोपरापर्यंत साखरेच्या डब्यात होता. डॉक्टरांनी साखर बंद केलेली! "मुंग्या आहेत का ते बघत होते," म्हणाली. एकदा चिमणीने अंधारात ओढणी म्हणून खिडकीचा पडदा अंगावर घेतला होता, दांडीसकट. आणि समोरच्या मास्तरांची गोष्ट तर मामांनी शंभरदा सांगायला लावली असेल. मास्तर अंधारात आपलं घर समजून यांच्या घरात शिरले, खुर्चीत बसले, पुढ्यात आला तो चहा प्याले, वर "आज चहा पांचट झालाय" म्हणून कुरकुरले, आणि लाईट आली तर समोर कमरेवर हात ठेवून मामी! मास्तर जे उठले ते चप्पल न घालताच पळाले. चप्पल अजून यांच्याकडेच आहे.

मामा हसून हसून उचकी लागेपर्यंत हसायचे. डोळे पुसत म्हणायचे, "अरे, एकदा तरी मला हे बघायचंय रे! एकदा तरी घरात बसून 'आली' म्हणून ओरडायचंय." मग गंभीर होऊन विचारायचे, "पण अगदी पहिल्यांदा? लाईट आली रे आली की पहिलं ओरडतं कोण?"

इथे मात्र घरात काहीतरी व्हायचं. मामी "अगं बाई, गॅसवर दूध आहे" म्हणून आत पळायची. चिमणीला एकाएकी अभ्यास आठवायचा. आजीला तर ऐकूच यायचं नाही. मामांना वाटायचं, असेल काहीतरी. बायकांच्या घरात एकटा पुरुष म्हणजे त्याला निम्म्या गोष्टी कळतच नाहीत, हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं.

आता कुणी म्हणेल, एवढीच हौस होती तर स्विच टाकायला दुसऱ्याला सांगायचं आणि आपण घरी जाऊन बसायचं! तिथेच तर घोडं पेंड खात होतं. लाईनच्या कामाचा एक नियम असतो. ज्याने लाईन बंद केली त्यानेच ती चालू करायची. बंद केल्यावर स्विचच्या हँडलला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली आपल्यापाशी ठेवायची, आणि वर चढलेलं आपलं एकूणएक माणूस खाली उतरल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कुलूप काढायचं नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाला हात लावणं. मामांचं कुलूप पितळेचं होतं, आणि ओळखू यावं म्हणून त्यावर त्यांनी लाल रंगाने मिशा काढल्या होत्या. स्वतःच्याच.

एकदा त्यांनी शक्कल लढवून पाहिली होती म्हणा. स्विच घराजवळचाच होता. हँडल वर केलं आणि जीव खाऊन घराकडे पळत सुटले. धापा टाकत दारात पोचले तर मामी टीव्ही बघत बसलेली. "आलात? दार लावून घ्या, डास येतात," एवढंच म्हणाली. लाईटच्या पुढे पळायला निघाला होता शहाणा!

तर असा हा माणूस. उभ्या आयुष्यात खांबावरून कधी पडला नाही, तो परवा फुटपाथवरून पडला.

झालं असं. गल्लीला लाईट दोन बाजूंनी मिळायची, एक वरची लाईन आणि एक खालची. वरच्या लाईनवर काम निघालं म्हणून मामांनी गल्ली तेवढ्यापुरती खालच्या लाईनवर टाकली, नाक्यावरच्या स्विचला आपलं मिशीवालं कुलूप घातलं आणि काम उरकलं. माणसं खाली उतरली, मामाही उतरले. मागे सरकून वर बघत, "वा, काय झकास जोडलंय!" असं स्वतःचंच कौतुक करत असताना फुटपाथ संपला. पाय असा मुरगळला की हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या इस्त्रीवाल्याने ऐकला. मग काय, एकच पळापळ. कुणी पाणी आणलं, कुणी रिक्षा आणली, मास्तरांनी सल्ले आणले. मामांना उचलून दवाखान्यात नेलं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून घरी आणून टाकलं.

घरी बसलेले मामा म्हणजे घराला शिक्षा. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्चीतूनच सगळे दिवे तपासले. दुसऱ्या दिवशी मिक्सरचा आवाज बरोबर नाही म्हणून तो उघडून ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी चटणी पाट्यावर वाटता वाटता मामी म्हणाली, "अहो, माझा फ्यूज उडायच्या आत तुमचा पाय बरा होऊ दे म्हणजे मिळवली."

पण मामा खुशीत होते. का? तर घरी होते ना! आता फक्त एकदा लाईट जायला हवी होती. बस्स, एकदा. ती जाईल, मग येईल, आणि येईल तेव्हा मामा आपल्या घरात, आपल्या माणसांत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, यांच्या तर गुडघ्याला प्लास्टर होतं. दर तासाला विचारायचे, "दिवा जरा मिचमिचला का गं?" आणि एरवी उठताबसता जाणारी ती लाईट, बया जागची हलेना!

चौथ्या दिवशी दुपार कलली आणि वारा सुटला. वारा कसला, वावटळच. पत्रे खडखडले, कुणाच्या तरी गच्चीवरची बादली गल्लीतून गडगडत गेली, आणि लांब कुठेतरी मोठं झाड पडल्याचा आवाज आला. घरातला पंखा हळू हळू होत थांबला.

"गेली!" मामा खुर्चीतून अर्धे उठलेच. "अगं, गेली! लाईट गेली!"

आवाज दोन माणसांचा, त्यात आनंद दहा माणसांचा. समोरच्या खिडकीतून मास्तरांनी डोकं बाहेर काढलं. "मामा, शुद्धीवर आहात ना? गेलीय, आली नाही!"

"माहितीय हो! गेल्याशिवाय येणार कशी?"

मग जी तयारी सुरू झाली! मामांनी खुर्ची खोलीच्या मधोमध, दिव्याच्या बरोबर खाली घ्यायला लावली. प्लास्टरचा पाय स्टुलावर, पाठीला उशी. टीव्हीचं बटण चालू ठेवलं, पंख्याचं चालू ठेवलं, रेडिओचंसुद्धा चालू ठेवलं, म्हणजे येईल ती वाजतगाजत येईल. आजीला शेजारी बसवलं आणि मुद्दाम साखरेचा डबा तिच्या हाताजवळ ठेवला.

"हे कशाला?" आजी म्हणाली.

"राहू दे गं. मजा येते."

बाहेर उजेड कमी होत चालला तशी शेजारीपाजारीही जमायला लागले. मामांच्या घरी लाईटची बातमी आधी कळणार, असा प्रत्येकाचा हिशेब. इस्त्रीवाला आला, मास्तर आले, मास्तरीणबाई आल्या, आणि पोरांची तर रांगच लागली. खोलीत तीळ ठेवायला जागा उरली नाही. मामी हळूच चिमणीच्या कानाशी लागली. मामांचे कान तिखट. त्यांनी ऐकलं, "लाईट आली की 'आली' म्हणायचं हं. आठवणीने. आजींनाही सांग."

मामांना नवल वाटलं. "अगं, त्यात सांगायचं काय? इतकी वर्षं ओरडताच आहात ना?"

"हो, हो, ओरडतोच," मामी म्हणाली आणि काडेपेटी शोधायला गेली. काडेपेटी तिच्या हातातच होती.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे खारूताई. मामांच्या हाताखाली शिकलेली लाईनवूमन. खांबावर सरसर चढायची म्हणून मामांनीच हे नाव ठेवलं होतं. मामा घरी असल्याने टोळीची मुकादम आज पहिल्यांदाच ती होती.

"मामा, खालच्या लाईनवर झाड पडलंय. चांगलं जाडजूड. साहेब तिकडेच आहेत, तारा जमिनीवर आल्यात. गल्ली तिथून तोडून घेतलीय, पण आज काही ती लाईन होत नाही."

"मग गल्ली वरच्या लाईनवर घे. ती ठणठणीत आहे, मीच केलीय."

"तेच करायला नाक्यावर आलेय."

"शाबास! मग टाक की स्विच. आम्ही सगळे बसलोयच."

खारूताई म्हणाली, "मामा, स्विचला कुलूप आहे."

"कुणाचं? कुठल्या गाढवाने..." मामा ओरडले. खोलीतले सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"मिशा आहेत त्यावर," खारूताई म्हणाली.

आई शप्पथ! मामांनी कपाळावर हात मारून घेतला. चार दिवस! त्या दिवशी सगळ्यांनी मामांना उचललं, मामांची पिशवी उचलली, मामांचा एक बूटसुद्धा कुणीतरी आठवणीने उचलला, पण कुलूप राहिलं ते राहिलंच. गल्लीला खालून लाईट मिळत होती, मग वरच्या स्विचकडे बघणार कोण? ज्या माणसाने आयुष्यभर पोरापोरींना कुलपाचे धडे दिले, त्याचंच कुलूप चार दिवस नाक्यावर लोंबकळत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तोड!" मामा म्हणाले.

"काय?"

"कुलूप तोड म्हणतोय. मी सांगतोय ना! माझंच कुलूप, मीच सांगतोय, तोड!"

"मामा," खारूताईचा आवाज एकदम बारीक झाला, पण हलला नाही. "फोनवर कुणीही सांगितलं, अगदी देवाने सांगितलं, तरी दुसऱ्याचं कुलूप तोडायचं नाही, हे मला कुणी शिकवलं?"

मामा चिडले. मग त्यांना तिचा अभिमान वाटला. मग पुन्हा चिडले. "बरं, किल्ली पाठवतो चिमणीबरोबर."

"किल्ली नको, तुम्ही पाहिजे. वर कोण होतं, कोण उतरलं, ते किल्लीला काय कळतंय? हेही तुमचंच. नाहीतर साहेब येऊन सगळी लाईन पायी फिरून बघतील आणि मग कुलूप काढतील. पण ते झाडापाशी अडकलेत. सकाळ होईल."

फोन ठेवला. खोलीत कुजबुज सुरू झाली. मास्तर म्हणाले, "मग सकाळी तर सकाळी! मामा, तुम्ही हलू नका. आम्ही थांबतो. सकाळी साहेब लाईट आणतील आणि तुम्ही इथे बसून बघाल. तुमची हौस तरी भागेल!"

खरं सांगायचं तर मामांच्या तोंडाला पाणी सुटलं. का नाही सुटणार? इतक्या वर्षांची इच्छा, दिव्याखालची खुर्ची, साखरेचा डबा, सगळं जमून आलेलं. नुसतं बसून राहायचं होतं. कुणी नावं ठेवली नसती. पाय मोडलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. मग खोलीभर पाहिलं. मास्तरीणबाई पदराने वारा घेत होत्या. इस्त्रीवाल्याकडे उद्याच्या कपड्यांचा ढीग तसाच पडलेला. एक पोर आईच्या मांडीवर घामाने चिंब होऊन झोपलेलं. बाहेर अख्खी गल्ली काळी ठिक्कर पडलेली, आणि तिच्या नाक्यावर यांच्या मिशा लटकलेल्या.

"छ्या!" मामा म्हणाले. "असली लाईट बघून करू काय? उचला रे मला."

"अहो, पण तुमची ती..." मामी म्हणाली. नवऱ्याची हौस तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

"राहू दे गं. नशिबात नाही ते नाही. किल्ली कुठेय?"

किल्लीसाठी मग जो गोंधळ झाला म्हणता! कामाच्या पँटचे खिसे उलटे केले, पिशवी जमिनीवर ओतली, मामी धुवायच्या कपड्यांत शिरली, मास्तर उगीचच कपाटाखाली वाकले आणि त्यांची कंबर धरली. मामा खुर्चीतून सगळ्यांवर ओरडत होते, आणि ओरडताना त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली किल्ली छातीवर उड्या मारत होती. शेवटी चिमणीनेच बोट दाखवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

न्यायचं कसं, हा पुढचा प्रश्न इस्त्रीवाल्याने सोडवला. त्याची इस्त्रीची हातगाडी बाहेरच होती. कपडे बाजूला झाले, वर खुर्ची चढली, खुर्चीवर मामा चढवले गेले, आणि प्लास्टरचा पाय पुढे तोफेसारखा रोखला गेला. "गाडीला ब्रेक नाही हां," इस्त्रीवाल्याने निघाल्यावर सांगितलं.

"आधी सांगायचं नाही का?"

"आधी सांगितलं असतं तर बसला असता का?"

आणि मिरवणूक निघाली. एकेक करत सगळी गल्ली मागे लागली. हातात टॉर्च, मोबाईलचे उजेड, एकाकडे तर नुसताच टॉर्चचा डबा, सेल नसलेला, पण हातात काहीतरी हवं म्हणून धरलेला. मामी एका बाजूने ढकलत होती, चिमणी दुसऱ्या. मास्तर पुढे पळत "खड्डाऽऽ!" म्हणून ओरडायचे, ते नेहमी खड्ड्यातून गाडी गेल्यावर. पोरांना तर एवढा आनंद झाला की ती गाडीच्या भोवतीच नाचत होती. मामा वर बसून "सावकाश! अरे सावकाश! मी काय इस्त्रीचा शर्ट आहे का?" असे ओरडत, हेलकावे खात, हसत, कळवळत निघाले होते. घरी राहिली एकटी आजी. चिमणीने तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं होतं, "आजी, बाबा लाईनवर गेलेत!" त्यावर आजीने फक्त मान डोलावली आणि उठून खिडकीपाशी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली.

नाक्यावर खारूताई हेल्मेट घालून उभी होती. बरोबर टोळीतले दोघे, जाड्या आणि चष्मेवाला. गाडी आली तशी ती पुढे झाली आणि तिने मामांच्या पायांना हात लावला, म्हणजे एका पायाला आणि एका प्लास्टरला. "मामा, रागावलात?"

"रागावलोय ना! तोडलं असतंस तर कानाखाली दिली असती."

मग मामांचा आवाज बदलला. गाडीवरची मजा एकदम खाली बसली. त्यांनी मान वर करून खांब पाहिला, तारा पाहिल्या, पुढचा खांब पाहिला, टॉर्च मागून घेऊन पुन्हा पाहिला. "त्या दिवशी माझ्याबरोबर वर होते ते बोला. खारूताई?"

"खाली."

"जाड्या?"

"खाली, मामा."

"चष्मेवाला?"

"खाली."

"आज वर गेलं होतं कुणी?"

"कुणीच नाही."

"आणि मी," मामा म्हणाले, "मीही खाली." त्यांनी गळ्यातला दोरा काढला, खुर्चीतून वाकून किल्ली कुलपात घातली, फिरवली. कुलूप उघडलं. ते त्यांनी खिशात टाकलं, हातमोजे घातलेल्या खारूताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता तू. तुझी पहिली आहे. माझ्याकडे नको बघूस, हँडलकडे बघ."

खारूताईने दोन्ही हात हँडलला लावले आणि ते एका झटक्यात वर नेलं. खट्ट!

नाक्यावरचा दिवा लागला. त्याच्या मागचा लागला. मग एकेक करत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गल्लीतल्या खिडक्या पिवळ्या होत गेल्या. आणि आरोळी? आरोळी आलीच नाही. येणार कशी? ओरडणारे सगळे इथे, हातगाडीभोवती! आयुष्यात पहिल्यांदा ते आपापली घरं बाहेरून उजळताना बघत होते, आणि बघताना ओरडायचं विसरून गेले होते. मास्तरीणबाई तर आपल्याच खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अगं बाई! ते आमचं? किती छान दिसतंय!"

मामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात सगळ्यांची तोंडं त्यांना स्पष्ट दिसत होती, इतक्या जवळून, आ वासलेली, ओल्या डोळ्यांची, गाडीच्या कोळशाने नाकाला काळं लागलेली. हीच ती. लाईट येतानाची हीच ती तोंडं. मामांनी दोन्ही हात उंच करून आरोळी ठोकली, "आलीऽऽऽ!"

मग काय विचारता! अख्ख्या गल्लीने साथ दिली. "आलीऽऽ! आलीऽऽ!" पोरं नाचली, मास्तर नाचले आणि लगेच कंबर धरून थांबले. इस्त्रीवाल्याने आनंदाच्या भरात गाडी सोडली, ती मामांना घेऊन चालू पडली, आणि जाड्याने धावत जाऊन धरली नसती तर दुसऱ्या पायालाही प्लास्टर आलं असतं.

आरडाओरडा जरासा निवला तेव्हा गल्लीच्या आतून एक आवाज आला. चिरका, म्हातारा, पण खणखणीत. मामांच्या घराच्या उजळलेल्या खिडकीतून आजी अर्धी बाहेर वाकली होती आणि कुणालाच उद्देशून नाही अशी ओरडत होती.

"उतरलाऽऽ! उतरला गं बाई! माझा पोरगा उतरला!"

मामांचे हात हवेतच राहिले. त्यांनी मान वळवून मामीकडे पाहिलं. मामीने पदर तोंडाला लावला होता.

"हे काय म्हणतेय आई?"

"काही नाही हो."

"अगं, सांग ना!"

शेवटी चिमणीच म्हणाली, "बाबा, आपल्या घरात 'आली' असं कुणी म्हणतच नाही. लाईट आली की आधी आजी म्हणते 'उतरला', मग आई म्हणते 'उतरले', मग मी. तुम्ही सगळ्यांना उतरवून मग कुलूप काढता ना? म्हणजे लाईट आली की तुम्ही खाली. तोवर आजी खिडकीतून उठत नाही. नंतर मग साखरेचा डबा, पडदा आणि मास्तर."

"इतकी वर्षं?"

"पहिल्यापासून," मामी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. "मुद्दामच सांगितलं नाही. घरी तिघी श्वास धरून बसतात हे तुम्हाला कळलं असतं, तर वर चढताना तुमचा पाय जड झाला असता. आणि जड पायाने चढायचं काम आहे का ते?"

फ्यूजमामा रडले. सरळ, सगळ्यांसमोर, हातगाडीवर बसून, खिशातल्या कुलपावर हात ठेवून. मग रडता रडता हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना उचकी लागली. खिडकीतून आजी अजून ओरडतच होती. तिला काय दिसत होतं देव जाणे, पण तिला उत्तर मिळालं नव्हतं एवढं खरं.

मामांनी तोंडाशी हात धरले आणि आपल्या दोन माणसांच्या आवाजात ओरडून सांगितलं, "हो गं आई! उतरलोऽऽ!"

आणि मग त्यांना त्या हातगाडीवरून खाली उतरवायला चार माणसं लागली.